लेपाचा हात

जळगाव जामोदच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो, आणि अंगारेधुपारे मानणाऱ्यांची भर वर्गात खिल्ली उडवतो. म्हणून माझ्या बायकोचं, मंजुळाचं, मनगट मोडलं तेव्हा कादरचाचांच्या दारात मी जरा मान खाली घालूनच गेलो. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण सातपुड्याच्या पायथ्याला हाड बसवावं तर त्यांनीच.

त्यांनी अंड्यातला पांढरा बलक, चुना आणि डोंगरातल्या एका मुळीची पूड घोटली. जुन्या धोतराच्या पट्ट्या त्यात भिजवून मंजुळाच्या हाताला बोटांच्या टोकांपर्यंत गुंडाळल्या.

"लेप निघाला का त्याच दिवशी चिंचेच्या पान्यात विरघळवजा," ते म्हणाले.

"काऊन?" मंजुळानं विचारलं.

"त्याले हाताची सवय लागते, बाई. हात सुटला का तो दुसरी जागा पाह्यते."

वाटेत मी तिला समजावलं. पांढऱ्या बलकातलं प्रथिन म्हणजे गुंडाळलेला धागा. चुन्यातलं कॅल्शियम त्याला चिकटलं की धाग्याचा आकार बदलतो, मुळीतलं औषध चिकटलं की आणखी वेगळा. त्यात सवय कसली? ती हो म्हणाली, पण हात छातीशी धरूनच चालली.

महिन्याभरानं लेप अलगद निघाला. पोकळ हातच तो, बोटं किंचित वाकलेली. वर्गात दाखवायला म्हणून मी तो खिडकीत ठेवला. मंजुळाचं हाड जुळलं होतं, पण मूठ मिटेना. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना. ती हात मांडीवर घेऊन बसून राही, आणि माझं काळीज तुटे.

एका सुस्त दुपारी, कडक झालेलं प्रथिन अजून काही करतं का हे पाहायला, मी लेपावर चुन्याची निवळी शिंपडली. लाजाळू मिटावी तशी त्याची बोटं हळूहळू आत वळली.

"अहो," स्वयंपाकघरातून मंजुळा म्हणाली, "मूठ मिटली. म्या नाई मिटवली."

चाचांनी दिलेल्या मुळीचा उरलेला तुकडा उगाळून मी त्याचं पाणी लेपावर सोडलं. बोटं उघडली.

"उघडली," ती म्हणाली.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. मग रोज दुपारी मी खिडकीशी आणि ती भिंतीपलीकडे. मिटली, उघडली. बाहेर लिंबाचा मोहर गळत असे, आणि आम्ही दोघं एकाच पेंगेत असल्यासारखे होतो. तिच्या बोटांत ताकद आली.

एक दिवस ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"तुमी मिटवता तवाच मिटते. मंग हा हात कोनाचा?"

तिनं स्वतःच चिंच कोळली. लेप तिच्या हाती देण्याआधी, केवळ कुतूहलापोटी, मी त्यात माझा हात घातला. माझा पंजा तिच्या दीडपट. तरी लेप नीट बसला. आत ऊब होती.

लेप विरघळला. त्या संध्याकाळी तिनं तिच्या मनानं भाकऱ्या थापल्या. पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना माझी मूठ मिटली. खडू मोडला. उघडली, पुन्हा मिटली. घरी ती तेव्हा धुणं पिळत होती.

मी तिला सांगितलं नाही. खरं तर मला ते आवडायला लागलं. शाळेत बसून मला कळायचं, आता कणीक, आता वेणी.

परवा ती माहेरी गेली, जानेफळला.

आज शिकवता शिकवता मूठ वळली. विहिरीचा दोर. मी ओळखला. ओढ, सोड, ओढ.

मग मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली. मी मंजुळाला हाक मारली. तोवर माझ्या मुठीला हसणारी मुलं हसायची थांबली.

बोटं एकेक करून उघडली.

जानेफळची गाडी आता सकाळीच. मी ओट्यावर बसलोय. बोटं अजून मिटत नाहीत. तळवा सारखा पुसतोय, पण तो पुन्हा गार पाण्यानं ओला होतो.