पायांच्या मापांची अडगळ

भाच्याच्या पत्राला मामांनी उत्तर दिलंच नव्हतं. मामा फोनवर ‘हं’च्या पलीकडे जात नसत, म्हणून बिचाऱ्याने पत्र लिहिलं होतं : ‘मामा, कृत्रिम पायांच्या कारखान्यातून मला काढलं. कॉम्प्युटर मापांनी भरून ठप्प झाला, तो म्हणे माझ्यामुळे. मी एकही माप दोनदा ठेवलेलं नाही. तुमचा तरी विश्वास आहे ना?’

विश्वास होता. पण आपल्याला त्यातलं काय कळतं, या विचाराने पेन उचललंच जाईना. शेवटी मामा शेजारच्या गुप्तहेर बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

“चला,” चपला घालत बाई म्हणाल्या. “बोलायचं मी. तुम्ही नुसते सोबत या.”

कारखान्याच्या भिंतीवर प्लास्टरचे पाय टांगले होते. कॉम्प्युटरमागून एक वायर लोंबत होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

“इतकी वर्षं डिस्कचा तळसुद्धा झाकला नव्हता,” मालक तणतणले. “मग फुगायला लागली. आमच्या ऑफिसातल्या अक्का तापाने घरी होत्या तेवढा आठवडा शांत गेला. तुमचा भाचा एकटाच होता ना, सांभाळून वागला असणार! नंतर बघता बघता तुडुंब. एक माप उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. दुप्पट मोठी डिस्क आणली, तीही एकाच संध्याकाळी भरली!”

“आत काय सापडलं?”

“नुसती मापं. पुसायला हात धजत नाही.”

साचे करणारा कारागीर हात पुसत म्हणाला, “पोरगं फार चिकित्सक आहे खरं. पण त्याच्या मापाचा पाय कधी परत आला नाही, बाई.”

कार्यालय सांभाळणाऱ्या अक्का हळवेपणाने म्हणाल्या, “गुणी आहे हो तो. आणि मापं म्हणजे लोकांचं चालणं! सगळ्याची प्रत काढल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. पूर्वी वायरने बाहेर जोडलेल्या डिस्कवर काढायची. ती माझ्याच हातून पडून फुटली.”

बाईंनी सगळ्यांना कॉम्प्युटरपाशी बोलावलं.

“मालक, दिवसाला येऊन येऊन पाय किती येणार? दुप्पट डिस्क एकाच संध्याकाळी भरायला आधीचं सगळंच पुन्हा उतरवावं लागतं. मापं घेऊन तेवढं वाढत नाही, नकला करून वाढतं. आणि ही वाढ थांबली कधी? अक्का नव्हत्या तेव्हा. मापं घेणारा तर रोज हजर होता. अक्का, डिस्क फुटल्यावर प्रत मापांच्याच फोल्डरमध्ये ठेवू लागलात ना?”

“हो. तिथे हरवणार नाही म्हणून.”

“रोज ‘सगळं’ निवडलंत, त्यात कालच्या प्रतीही आल्या. पेटीत पेटी, तिच्यात पुन्हा पेटी.”

अक्कांचा चेहरा उतरला. “म्हणजे पोराच्या पोटावर मीच...”

“अक्का, इतक्या वर्षांत एक माप हरवलं नाही, ते तुमच्यामुळे,” बाई म्हणाल्या. “जपावं तर असं. फक्त प्रत बाहेर हवी. ही डिस्क मेली असती, तर मूळ आणि नकला एकदमच गेल्या असत्या.”

मामा बाईंकडे बघतच राहिले. मालकांनी मान खाली घातली.

“नवी बाहेरची डिस्क आजच आणतो. मामा, त्याला परत बोलवा. फोन लावून देऊ?”

“नको,” मामा म्हणाले. “त्याने मला लिहिलं होतं.”

कारागिराच्या टेबलावर, प्लास्टरची भुकटी बाजूला सारून, त्यांनी लिहिलं : ‘विश्वास होताच. सांगायला उशीर केला. तुझी चूक नव्हती, हे आता मालकही म्हणतात. कामावर ये.’

वळणावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज आल्यावरच हात बाहेर काढला.