निर्मनुष्य रानातलं जेवण

"निसर्गापुढे जो वाकला, तो संपला!"

कमरेएवढ्या पाण्यात, नदीच्या मधोमध उभं राहून नकाशेसाहेबांनी हे जाहीर केलं. पुढच्याच पावलाला शेवाळावरून घसरून त्यांनी निसर्गाला साष्टांग दंडवत घातलं.

साहेब वाचले. त्यांच्या खांद्यावरचं शिध्याचं गाठोडं मात्र डौलात निघून गेलं.

"भावोजी, तांदूळ!" काठावरून मेहुणा ओरडला. "भावोजी, बिस्किटं! सगळी बिस्किटं!"

मोहीम होती नदीच्या उगमाची. हा उगम आजवर कोणीही पाहिला नव्हता; म्हणजे नकाशा काढणाऱ्यांपैकी कोणी. साहेबांनी तीस वर्षं मोजणी खात्यात घालवली होती. या मुलखाचा नकाशाही त्यांचाच, बारा वर्षांपूर्वीचा. त्याची नवी आवृत्ती दहा दिवसांत छापायला जाणार होती. त्याआधी उगम सापडला, तर नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांचं नाव येणार होतं. निवृत्तीनंतर त्यांचं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं, त्यामुळे हा जिवाचा प्रश्न होता. मेहुण्याला बहिणीने पाठवलं होतं: "यांच्यावर लक्ष ठेव," एवढंच सांगून.

दोन दिवस पोटात फक्त पाणी. जळवांनी मात्र पोटभर जेवून घेतलं. काट्यांनी सदरे फाडले, ऊन डोक्यावर बसलं ते उतरेना. तिसऱ्या सकाळी, अरुंद कड्यावरून जाताना, पायाखालची माती हलली. दगड सुटले. मेहुणा घसरला! साहेबांनी त्याची कॉलर धरली. कॉलर फाटली! मग केस धरले. केस टिकले.

"ताईला सांगू नका," वर आल्यावर मेहुणा धापा टाकत म्हणाला. आणि मग, "भावोजी, धूर!"

"अशक्य." साहेबांनी नकाशा उलगडला. "इथे वस्ती नाही."

"मग काय झाडं विड्या ओढताहेत?"

झाडीपलीकडे मातीचं घर होतं. गवताचं छप्पर, अंगणात लाकडाची रास, दाराशी उखळ. आणि एक कुत्रा. कुत्र्याने चौकशीत वेळ न घालवता साहेबांची पोटरी धरली. मागून कोयता घेऊन घरातला मुलगा आला. चांगला चाळिशीचा, मध काढणारा, हातभर जुन्या दंशांचे वण. कुत्र्याला त्याने हाक मारली, पण अगदी सावकाश.

"भूक लागली आहे," मेहुणा म्हणाला. त्या रानातलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं.

पिढ्यानपिढ्या याच डोंगरात राहणारं ते आदिवासी कुटुंब होतं: म्हातारी आई, मुलगा आणि सून. आत चुलीवर कंद शिजत होते. साहेबांनी ओळखपत्र दाखवावं तसा नकाशा पुढे केला. सुनेने तो उजेडात धरून मोठ्याने वाचला.

"निर्मनुष्य वन." तिने मान वर केली. "कुणी काढलाय हा?"

"आमच्या भावोजींनीच!" मेहुणा अभिमानाने म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मुलाने कोयता उखळावर टेकवला. "आठ वर्षांपूर्वी डोंगर कोसळला. खालच्या गावांत सुटका करणारी माणसं आली, दोऱ्या घेऊन, यंत्रं घेऊन. पुढे चला म्हणून मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी हाच कागद बघितला. म्हणाले, वर कोणी राहत नाही. बापाला आम्ही हातांनी उकरला. दोन दिवस."

साहेबांना बारा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. ते पलीकडच्या काठावर होते. डबा उघडलेला होता, भाजी निवत होती. या बाजूला काहीतरी पांढुरकं दिसलं होतं. धुकं असेल, असं म्हणून त्यांनी दुर्बीण मिटली आणि जेवायला बसले.

"बसा," म्हातारी म्हणाली. आवाजात आमंत्रण नव्हतं.

पानं मांडली. मेहुण्याच्या पानावर वाफाळते कंद, मीठ, मिरची, पालेभाजी. साहेबांच्या पानावर काहीच नाही.

"आजी, मला..."

"तुला कुठून वाढू? इथं कोणी राहतच नाही."

"नकाशात खरंच कोणी नाही, भावोजी," मेहुणा तोंडभर कंद घेऊन म्हणाला.

म्हातारीने नकाशा साहेबांच्या रिकाम्या पानावर ठेवला. "घर काढ."

साहेबांनी पेन्सिल काढली. मोजमाप केलं, चौकोन काढला. एक कंद आला. "झरा काढ." झरा काढला. भाजी आली. "मुलाची वाट काढ, मधाला जातो ती." वाट वळणावळणाची होती, साहेबांनी एकही वळण चुकवलं नाही. मीठ आलं.

"आता दरडीपाशी ये. तिथं याच्या बापाच्या नावानं उंच दगड उभा केलाय आम्ही. तो काढ."

साहेबांनी पेन्सिलीला पुन्हा टोक केलं आणि दगडाच्या जागी ठिपका काढला. म्हातारीने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पानातला अर्धा कंद उचलून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

"उगम दोन दिवसांवर आहे," हात धुताना मुलगा म्हणाला. चेहरा अजून दगडासारखाच. "पण वरच्या उताराला पुन्हा भेगा पडल्यात. पावसात येईल खाली."

छपाईला उरले होते आठच दिवस: दोन उगमाला जायला, सहा परत शहर गाठायला. उगम गाठूनही नकाशा वेळेवर पोचला असता, पण मग एकही दिवस हाताशी उरत नव्हता. पाय मुरगळला, नदी चढली, की संपलं. हे घर कागदावर येणार नाही आणि कागद पुढच्या बारा वर्षांसाठी छापला जाईल. साहेबांनी वर डोंगराकडे पाहिलं. नकाशाचा कोपरा पाहिला, रिकामा. मग 'निर्मनुष्य' हा शब्द खोडला, कागद फाटेल इतक्या जोराने.

"आम्ही आत्ताच परत निघतो," ते उभे राहिले. आवाज आपोआप सभेतला झाला. "आजी! उगम राहू दे! हा कागद मी स्वतः छापखान्याच्या टेबलावर ठेवीन. यापुढे या घरापर्यंत न येता कोणीही परत फिरणार नाही, हा माझा..."

"ते कळलं," म्हातारीने नकाशा त्यांच्या हातून ओढून पुन्हा नीट पाहिला आणि परत दिला. "कुत्रा राहिलाय. त्याला काढ. आणि बांधलेला नको, मोकळा काढ."