टॉवेल ठेवलेली जागा

समुद्रावरून धुकं आलं आणि कुशिहामाच्या मैदानाचा डावा कोपरा बघता बघता पुसून गेला. बेसबॉलचा सामना जेमतेम सुरू झालेला, अन् गावचा संघ सहा धावांनी मागे. चिहारु निवांत उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती. आठ वर्षं हरणारा संघ बघायचा, तर हात गुंतलेले बरे!

“एक द्या ना...”

ती दचकली. शेजारच्या खुर्चीवर कायम एक विटका निळा टॉवेल असायचा. टॉवेल ठेवला की जागा धरली. मैदान ओस पडलं तरी त्याला कुणी हात लावत नसे. आज त्यावर एक तरुण बसला होता. केस ओले, डोळे हसरे.

“बरे उगवलात आयत्या शेंगा खायला! इतके दिवस कुठे होता?”

“इथेच. तुमचं लक्ष मैदानावर—”

“मैदानावर बघण्यासारखं आहे तरी काय?”

“तेच तर म्हणतोय मी,” तो म्हणाला, आणि तिच्याकडेच बघत राहिला.

चिहारुचे कान तापले.

त्याचं नाव रेइजी. मग दर रविवारी दुपारी धुकं येई, धुक्याबरोबर तो. धुकं विरलं की खुर्ची रिकामी... ओल्या पायऱ्यांवर पाऊल उमटलेलं नसे. तिने दिलेल्या शेंगा टॉवेलवर तशाच पडलेल्या असत, बर्फासारख्या गार.

एकदा चहा विकणाऱ्या तोकुए मावशी थबकल्या. “कुणाशी गं बोलतेस, पोरी?” चिहारुने टॉवेलकडे बोट केलं. मावशींनी हातातला कप खाली ठेवला. “तो? संघ तळातून वर आल्याशिवाय उठणार नाही म्हणायचा. तीस वर्षांपूर्वी त्याची बोट बुडाली गं...”

पुढच्या रविवारी चिहारुने सरळच विचारलं. त्याने टॉवेलचा कोपरा सरळ केला.

“भीती वाटली?”

“शेंग खात नव्हतात, तेव्हाच संशय आला होता.”

“मग पळाला का नाहीत?”

“या संघाला सोडून पळाले नाही... तुम्ही तर नुसते मेलेले आहात!”

तो इतका हसला, की पुढची रांग क्षणभर धुक्यात दिसेनाशी झाली.

“आणि संघ वर आला की?” तिने हळूच विचारलं.

“टॉवेलची घडी करायची. शब्द दिलाय.”

त्या दिवसापासून चिहारु आपल्याच संघाच्या पराभवासाठी मनातल्या मनात हात जोडू लागली.

पण मेली ती तरुण पोरं घेऊन केलेली संघाची नवी बांधणी, नेमकी आताच फळाला आली! ओनोदेरा नावाचा पिचर दोन वर्षांपूर्वी बॉल कुठेही भिरकावायचा. तेव्हा सगळे त्याला हसत; एकटी चिहारु ओरडायची, “ओनोदेरा, श्वास घे!” तो वर बघायचा, श्वास घ्यायचा, सावरायचा. हळूहळू संघच सावरला.

हंगामाचा शेवटचा रविवार. एका धावेची आघाडी. शेवटच्या गड्याची बॅट दोनदा चुकली होती; तिसऱ्यांदा चुकली की तो बाद, अन् सहा संघांत सहावा असलेला संघ पाचवा. ओनोदेराचे दोन बॉल भलतीकडेच गेले. त्याने वर, तिच्या रांगेकडे बघितलं.

चिहारुने ओठ घट्ट मिटले.

“ओरडा,” रेइजी म्हणाला.

“नाही.”

“चिहारु... तो वाट बघतोय गं.”

पहिल्यांदाच तो तिच्याशी असं एकेरीत बोलला. तिचे डोळे भरून आले. “आणि मी?”

“तीस वर्षं मी संघासाठी बसलो. हे एक वर्ष... तुझ्यासाठी.” त्याचा गार हात तिच्या हाताशी येऊन थांबला. “हरणाऱ्यांना तू कधी एकटं सोडलं नाहीस. म्हणून तर जीव जडला. आज सोडू नकोस.”

ती उठली. गळा फाटेस्तोवर ओरडली, “ओनोदेरा! श्वास घे!”

बॅट हवेत फिरली. नुसती हवाच कापली गेली.

मैदान उसळलं. धुकं एका झटक्यात विरलं. चिहारुने बाजूला बघायचं धाडस केलं, तेव्हा झोपलेल्या लेकराच्या दुपट्याची करावी तशी त्या टॉवेलची हलक्या हाताने घडी केलेली होती. वर मूठभर सोललेले दाणे. गार नव्हते... ऊबदार होते.

एकेक करून तिने ते सगळे खाल्ले. मग गळ्यातला स्वतःचा टॉवेल काढला आणि त्या खुर्चीवर नीट पसरला.

“आता कुणासाठी गं?” तोकुए मावशींनी दबक्या आवाजात विचारलं.

“त्याच्याचसाठी. अजून चार संघ पुढे आहेत ना आपल्या,” डोळे पुसत ती म्हणाली. “संघ पहिला येईपर्यंत बसेन की मी. मला कुठे घाई आहे?”