भक्तीचा गाऊन आणि दीपेशच्या पिना

"माका टेप नको. माणूस बघल्यार माप कळता," भक्तीने दुकानाच्या पायरीवरच जाहीर केलं आणि ऐटीत आत शिरली.

याच बोलण्यावर भरवसा ठेवून कॉलेजने पदवीदानाचे बेचाळीस गाऊन निवडायचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं. मालवणच्या बाजारातलं हे ड्रेपरीचं, म्हणजे भाड्याने पोशाख देणारं दुकान. पुढे शाळेच्या गॅदरिंगचे वाघ-ससे, मागे दशावताराचे मुकुट आणि शेले, आणि मधल्या खुंट्यांवर पदवीधरांचे काळे गाऊन. भक्तीने नजरेनेच एक हेरला, अंगात चढवला, झोकात गिरकी घेतली... आणि त्याच्याच घेरावर पाय देऊन सरळ मुकुटांच्या पेटाऱ्यात जाऊन बसली.

"माप बरोबर आसा," काउंटरमागून आवाज आला. "पेटाऱ्याचा."

हा दीपेश, दुकानदाराचा मुलगा. एरवी ड्रेपरी सांभाळायचा, जत्रांच्या दिवसांत दशावतारात बायकांची कामं करायचा.

"हसतंस काय रे?"

"खंय हसलंय? माप घेतंय. चार बोटां वर घेवक होयो." तो गुडघ्यांवर बसला आणि भराभर पिना लावायला लागला.

"तुका जमता ह्या?"

"गेल्या जत्रेक मी राणी होतंय. नऊवारीत लढाई केलंय. एक पिन सुटाक नाय."

त्याने वर पाहिलं. भक्तीला एकदम टोपीचा गोंडा नीट करायची आठवण झाली. डोक्यावर टोपी नव्हती, ही गोष्ट निराळी.

मग काय... दोन दिवसांनी गाऊन पुन्हा लांब झाला. त्यानंतर टोपी सैल झाली. मग खांदे उतरले. मैत्रीण ग्लिनिस शेवटी वैतागली. "गाऊन एकदाच घालूचो आसता गो. नऊ वेळा कोण ट्राय करता?"

"फिटिंग म्हत्त्वाचा," भक्ती म्हणाली.

खरं महत्त्वाचं वेगळंच होतं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघणार होती. लॅबमधली नोकरी, दोन वर्षं. आणि नऊ फिटिंगांत दीपेश बोटं, इंच, टाके यांपलीकडे एक शब्द बोलला नव्हता.

"तो बोलतलो," भक्तीने ग्लिनिसला ठासून सांगितलं. "गाऊन परत देवच्या आधी बोलतलो."

समारंभाच्या दिवशी भक्तीच्या नजरेची मापं उघडी पडली. सहा फुटी सर्वेशचा गाऊन गुडघ्यापर्यंत होता, आणि ग्लिनिस स्वतःच्या गाऊनात शोधावी लागत होती. बंदरावरचा वारा मांडवात घुसून टोप्या उडवत होता. दीपेशला तातडीने बोलावलं. तो ओळीने एकेकाला पिना लावत सुटला आणि सगळ्यांत शेवटी भक्तीपाशी पोचला. ती ओळीत सर्वेशच्या पुढे उभी होती.

"मान हलव नको," म्हणत त्याने टोपी केसांत घट्ट बसवली. बोटं कानापाशी जराशी रेंगाळली. मग चार पिना ओठांत धरून तो बाहीकडे वळला.

"उद्या सकाळच्या गाडीन जातंय," ती म्हणाली.

"म्म..."

"दोन वर्सां."

"म्म्म... म्म."

"तोंडातल्यो पिना काढ आणि बोल, बाबा."

त्याने पिना काढल्या. कानापर्यंत लाल झाला. "मी... थांबतंय दोन वर्सां. तू येतलंस मा परत?"

"येड्या, माझो गाऊन नऊ वेळा लांब झालो," भक्ती म्हणाली. "तेवाच कळाक व्हया होता तुका."

दीपेशने हातातली पिन लावून टाकली — कुठे लावतोय ते न बघता, तिच्याकडे बघत.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. भक्ती ताठ मानेने निघाली. टोपी जागेवर, गोंडा जागेवर, चालीत रुबाब. तीन पायऱ्या चढल्यावर तिला गाऊन जड वाटला. वळून पाहते तर मागे दीपेश, बाहीला बाही जोडलेला.

तिसऱ्या रांगेत तिची आई, विमला, घरातली पहिली पदवी बघायला तोंडवलीहून आली होती. ती पुढे झुकली. "ह्यो दुसरो कोण गो?"

"आता जोडीन देतत वाटता," शेजारची काशीबाई म्हणाली.

"पिन काढू?" स्टेजवर दीपेश कुजबुजला.

भक्तीने समोर हसून फोटोग्राफरकडे पाहिलं. "रवांदे."

प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला होता, ते मान वर करत नव्हते. त्यांनी भक्तीच्या हातात भक्तीची पदवी ठेवली. मग पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि त्यांनी सर्वेशची बी.एस्सी. दीपेशला दिली.