कांतानच्या मुळाशी

लग्नघरच्या स्वयंपाकाला कांतानच्या कळ्या हव्यात, असा शेजारून निरोप आला. सासू, मेक नाब, पाय मुरगळून बसलेली. म्हणून सिहाम पहिल्यांदाच सुरी घेऊन मागच्या दारी उतरली. बाळंतपणाची बंधनं कालच सुटली होती. पायाला माती लागली आणि तिला बरं वाटलं.

कांतान आल्याच्या कुळातलं. पानांचे दांडे माणसाच्या डोक्यावरून जातात. फुलाचा दांडा मात्र त्यांना सोडून वेगळाच जमिनीतून वर येतो. कळी मिटलेली असतानाच कापायची. उमललं की बाजारात कोणी विचारत नाही. मेक नाबनं हे बेट विहिरीच्या सांडपाण्यावर वाढवलेलं. चुलीतली राख घालायची, वाळके दांडे काढायचे, गड्डे खणून दाटी मोडायची. मलेशियातल्या तेरेंगानूच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात तिच्या कळ्यांशिवाय माशाचं कालवण शिजत नसे म्हणा ना.

सिहामनं पहिली कळी कापली आणि घरात, झोळीतलं बाळ किंचाळलं.

"रडू दे गं," सासू खिडकीतून म्हणाली. "तुझा नवरा एवढा रडायचा, की आमच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं होतं."

सिहाम हसली. दुसरी कळी कापली. पुन्हा तीच किंकाळी. ती थांबली तसं बाळही थांबलं. मग तिनं तिसऱ्या दांड्याला सुरी नुसती टेकवली. आतून बाळ बारीक कण्हलं...

जन्मल्यापासून पोर वाळतच चाललं होतं. रोज सकाळी, सासू कळ्या कापायला गेली की रडून निळं पडायचं, आणि पोट दुखत असेल म्हणून सगळे तेल चोळत बसायचे. सुरी तिथेच टाकून ती आत आली. बाळाचे पाय गार होते. दूध तोंडात घेईना.

दुपारी नवरा, रोस्दी, जेवायला आला. तिनं ताट वाढलं नाही.

"बाळाची वार कुठे पुरलीत?"

"कुठे म्हणजे? नारळाखाली."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्यानं मान खाली घातली. "पाऊस कोसळत होता... नारळाखाली कुदळ लागेना. कांतानमध्ये माच्या हातचा खड्डा आयताच होता. मडकं तिथेच ठेवलं. म्हटलं, शेवटी मातीच ना."

मेक नाबनं कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, वार म्हणजे लेकराचं भावंड. चिंच-मीठ लावून, मडक्यात घालून, झोपवल्यासारखं ठेवायचं असतं ते. तू त्याला रोज कापायच्या झाडाखाली ठेवलंस. आणि मी आपली सुरी चालवतेय..."

सुईणीला बोलावलं. तोक एसाह बाळाचे तळवे चोळत म्हणाली, "सूर्य बुडायच्या आत मडकं काढ नि नारळाखाली पूर. बापानंच करायचं. झाकण उघडायचं नाही, मागे वळून बघायचं नाही."

"मुळं आड आली तर?"

"हातानं सोडव. सुरी लावलीस तर पोर हातचं गेलं समज."

रोस्दी ओणवा होऊन नखांनी माती उकरत राहिला. गड्ड्यांनी मडकं चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं. एकेक मूळ सोडवताना आल्यासारखा आंबट-तिखट वास घरभर येत होता. एखादं मूळ तुटलं की सिहामच्या मांडीवर बाळ दचकायचं आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. अखेर मडकं सुटलं. रोस्दी ते छातीशी धरून नारळाकडे गेला, पुरलं, मेणबत्ती लावली, आणि मान ताठ ठेवून परत आला.

बाळ प्यायला लागलं. सिहाम रडली, सासू रडली, सुईणीला मासळी देऊन पाठवलं.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. रोस्दी अजून पायरीवरच बसला होता, हात मातीचेच.

"सिहाम... मडकं हलकं होतं."

"म्हणजे?"

"रिकाम्यासारखं. उघडायचं नाही म्हणाल्या, म्हणून मी..."

तेवढ्यात रडणं ऐकू आलं.

"घे गं त्याला," चुलीजवळून सासू म्हणाली. "किती रडवशील?"

सिहामनं झोळीत वाकून पाहिलं. बाळ जागं होतं. तोंड मिटलेलं. लाल मुंगी त्याच्या घोट्याला डसली होती, कातडी फुगली होती, आणि ते खिडकीकडे मान वळवून निमूट ऐकत होतं. तिनं मुंगी काढून टाकली. मागच्या दारचं रडणं हळूहळू शांत झालं...

"मा," ती कशीबशी म्हणाली, "हा रडत नाहीये."

मेक नाबच्या हातातला डाव खाली पडला.

सिहामच्या अंगावरचं दूध मात्र त्या आवाजानं आपसूक सुटलं होतं. झगा भिजला होता. तिनं बाळाला जवळ घेतलं. ते पोट भरल्यासारखं तोंड फिरवून झोपी गेलं.

पोरानं पुढे छान बाळसं धरलं. पडलं, भाजलं, ताप आला, तरी कधी रडलं नाही. गावातल्या बायका म्हणतात, काय गुणी लेकरू.

मेक नाबनं कळ्या विकणं सोडलं. कांतान आता घराच्या छपराला लागलंय. रोज दिवेलागणीला सिहाम त्याला पाणी घालून येते म्हणून घागर घेऊन जाते. सासू दाराशी उभी असते. सिहाम परत येते तेव्हा घागर तशीच भरलेली असते, आणि झगा पुढून दुधानं ओला.