पहिला फोटो स्टुलाचा

या जगात खोटं न बोलणाऱ्या गोष्टी दोनच, मृत्यू आणि निगेटिव्ह, असं क्लिकमास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत. सांगता सांगता बारीक ब्रश शाईत बुडवून हातातल्या फोटोमधल्या टकलावर केस उगववत.

चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ एकाच खोलीत होता. दोन दिवे, राखाडी पडदा, गादी लावलेलं एक फिरतं स्टूल आणि मागे फिल्म धुवायची अंधारखोली. आता एकुलती एक मुलगी नोकरी सोडून हाताखाली यायला तयार होती. अट एकच, डिजिटल कॅमेरा घ्यायचा. नाहीतर ती परदेशातली नोकरी धरणार आणि मास्तरांमागे स्टुडिओला कुलूप. वापरून बघायला म्हणून तिने दुकानातून एक कॅमेरा आणलाही होता. शनिवारपर्यंत काय ते ठरवायचं, ठेवा नाहीतर परत द्या.

"बाबा, गिऱ्हाईक घरी पोचून जेवून झोपतं, तेव्हा तुम्हाला कळतं की फोटोत त्याचे डोळे मिटलेत. यात जागच्या जागी दिसतं. मिटले, की परत काढायचा."

"आमच्या वेळी माणसं डोळे उघडे ठेवायची."

"तर! म्हणून स्वतःच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही गाढ झोपलाय."

मास्तर हसले. पण 'जागच्या जागी' हे शब्द त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले.

नवं रीळ घातलं की पहिला फोटो रिकाम्या स्टुलाचा काढायचा, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. उजेड कसा पडतोय ते कळतं. आधी स्टूल, मग माणूस. मास्तरांचा हात आता विचारतही नसे.

दोन महिन्यांपूर्वी अशाच पहिल्या फोटोत स्टुलाची गादी मधोमध दबलेली दिसली. जुनीच झालीय, मास्तर म्हणाले. पुढच्या रिळात गादीवर पाठ होती. त्यांनी लेन्स पुसली, मग चष्मा पुसला, मग घाम. त्याच्या पुढच्या रिळात ती पाठ थोडी वळली होती आणि एक कान दिसत होता. गेल्या आठवड्यात गाल दिसला. निगेटिव्हमध्ये गाल काळा आणि केस पांढरे. रिळातले बाकीचे पस्तीस फोटो मात्र धुतल्या तांदळासारखे.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माळ्यावरून वडिलांच्या निगेटिव्हचा डबा काढला आणि पट्ट्या एकेक करून खिडकीसमोर धरल्या. वडील बोटभर फिल्म वाया घालवणारे नव्हेत. पण त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक रिळाचा पहिला फोटो कात्रीने कापून टाकलेला होता.

फिल्मचं एक बरं होतं. धुऊन, वाळवून फोटो दिसेपर्यंत अर्धा दिवस जायचा. स्टुलावर जे काही बसलं असेल, ते तोवर उठून गेलेलं असायचं. या नव्या यंत्रात ते बसलेलं असतानाच दिसणार.

शुक्रवारी दाढी करताना मास्तर एकदम थांबले. अरे, डिजिटलला रीळच नाही! रीळ नाही तर पहिला फोटो कुठला? चाळीस वर्षं कॅमेरा हाताळून एवढी साधी गोष्ट सुचायला अर्धी दाढी व्हावी लागली, म्हणून त्यांनी आरशातल्या म्हाताऱ्याला एक शिवी हासडली.

शनिवारी सकाळी त्यांनी मुलीला सांगून टाकलं, "ठेवून घे तो कॅमेरा."

"खरंच? मोडता नाही घालणार नंतर?"

"नाही. लाग कामाला."

ते शीळ घालत अंधारखोलीत गेले आणि फिल्म धुवायच्या औषधाच्या बाटल्या मोरीत रिकाम्या करू लागले. तिसरी बाटली ओतताना बाहेर खट्‌ झालं.

शीळ थांबली. मास्तर दाराशी आले.

मुलगी कॅमेऱ्यावर वाकली होती. समोर स्टूल. रिकामं.

"कशाचा काढलास?"

"स्टुलाचा. तुम्हीच शिकवलंत ना, सात वर्षांची असताना? आधी स्टूल, मग माणूस."

तिने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. पुन्हा कॅमेऱ्यात.

"बाबा." ती कॅमेऱ्यावरून नजर न काढता म्हणाली. "यात कोणीतरी आहे."

"कॅमेरा ठेव खाली."

"माझ्याकडेच तोंड आहे त्याचं."

मास्तरांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

स्टूल कुरकुरलं.

गादी मधोमध दबलेली होती.

मग तिकडून आवाज आला. अगदी अदबीचा, थोडासा ओशाळलेला, रोजच्या कुठल्याही गिऱ्हाइकाचा असावा तसा.

"माझे डोळे मिटले, नाही का? तेवढा परत काढता?"