बिस्किटाच्या डब्यावरची सहा बटणं

"सिएनी मावशी, तुमचं ते गेमचं मशीन भिंतीकडे तोंड करून का उभं असतं?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, सोसे आणि तिरेसाने, माझ्याशी लावली होती. विचारलंस तर शनिवारी शाळेच्या हॉलपर्यंत तुझे स्पीकर आम्ही वाहू, नाहीतर तू भित्री, आणि भित्र्या मुलीच्या गाण्यांवर आम्ही नाचत नाही. दोघी दुकानाबाहेर बर्फाच्या कांड्या चोखत कान लावून उभ्या होत्या. गेल्या वर्षीची मी असते तर पाव घेऊन मुकाट घरी गेले असते. पण यंदाची मोएलांगी वेगळी होती. मी जुळवलेली गाणी बाबा त्यांच्या बसमध्ये लावायचे. शहराकडे, आपियाला निघालेली भरगच्च बस, एकाच्या मांडीवर दुसरा, पायाशी तारोच्या कंदांच्या टोपल्या, आणि सगळी डोकी माझ्या ठेक्यावर हलायची. शनिवारच्या शाळेच्या नाचाचा हॉलही माझाच होता. आमच्या शाळेत मुलीने डीजे व्हायची ही पहिलीच वेळ.

मावशी माशांचे डबे फळीवर रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "संध्याकाळी प्रार्थनेची सा चालू असताना वाजायचं ते. गावची माणसं येऊन दारात उभी राहायला लागली. मग तोंड फिरवलं."

"प्लग काढायचा ना."

"प्लग आधीच काढला होता."

बाहेर सोसेला ठसका लागला. मी मात्र मुद्द्यावर आले. ऑकलंडच्या चुलतभावाने पाठवलेल्या माझ्या जुन्या डीजे कंट्रोलरचे रबरी पॅड मेले होते, बुक्की मारली तरी आवाज काढत नव्हते. त्या जागी गेमच्या मशीनची बटणं जोडायची असं माझ्या मनात होतं. तुमची घेऊ का, विचारलं. मावशी इतक्या पटकन हो म्हणाली की पुढची विनवणी माझ्या तोंडातच राहिली. तिने मशीन वळवायला मात्र हात लावला नाही. आम्ही तिघींनीच ते ओढलं. उजवीकडची बटणं फुटकी निघाली, डावीकडची सहा चांगली. लाल, मोठी, मधोमध झिजलेली. झिजून पडलेले खळगे माझ्या बोटांपेक्षा लहान होते.

कॅबिन बिस्किटांच्या चौकोनी डब्याच्या झाकणाला मी ड्रिलने सहा भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या. बटणं साबणाच्या पाण्यात धुतली. प्रत्येकाखाली एक छोटा स्विच असतो. बटण दाबलं की तो टक् करतो आणि आतली स्प्रिंग बटणाला परत वर ढकलते. बस, एवढंच. प्रत्येक बटण मी स्वतः उघडून पाहिलं, स्विचपासून मेलेल्या पॅडच्या टोकांपर्यंत वायरी सोल्डर केल्या. ढोल, टाळी, घंटा, सगळं ठणठणीत वाजलं. आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की डबा रिकामा करताना बिस्किटं कोणाच्या पोटात गेली तेही आपल्याला माहीत आहे. माझ्या धाकट्या बहिणीने, रूताने, लगेच तोंड पुसलं.

आमच्या गावात दिवस मावळला की चर्चशेजारी टांगलेली गॅसची रिकामी टाकी लोखंडाने ठोकतात. सा लागते. मग रस्त्यावर चिटपाखरू नाही. गावचे तरुण लुंगीसारखा लावालावा नेसून रस्त्याच्या कडेला पहाऱ्याला उभे राहतात, उशीर झाला तर बाबांची बससुद्धा वेशीवर थांबते. घराघरात प्रार्थना, आणि टाकी पुन्हा वाजेपर्यंत दुसरा आवाज नाही. बाबा चर्चच्या कारभाऱ्यांपैकी, डीकन, त्यामुळे आमच्याकडे खोकलासुद्धा गिळायचा. हॉलमध्ये वाजवायची परवानगी त्यांनी एकाच अटीवर दिली होती. सा चालू असताना तुझ्या त्या डब्यातून आवाज आला तर शनिवार विसरायचा.

डबा तयार झाला त्याच संध्याकाळी, आमच्या पुढच्या, भिंती नसलेल्या घरात चटईवर बसून आम्ही स्तोत्र म्हणत होतो, तेव्हा मागच्या खोलीतून टक् ऐकू आलं. थोड्या वेळाने आणखी एक.

बाबांनी एक डोळा उघडला.

प्रार्थना संपल्यावर मी म्हणाले, पाल असेल. बाबा म्हणाले, "मग त्या पालीला सांग, तिच्यापायी तुझा शनिवार जाईल."

ऊन उतरलं की प्लास्टिक आकसतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी स्क्रू ढिले केले, केबल काढून खिशात ठेवली. संध्याकाळी पुन्हा टक् टक्. या वेळी जरा भरभर. आई मोठ्याने गाऊ लागली. ती मला वाचवायला गातेय हे मला कळलं, आणि बाबांनाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी पोट दुखतंय म्हणून मागच्या खोलीत राहिले.

टाकी वाजली. खिडकीच्या काचपट्ट्यांतून पिवळा उजेड डब्यावर पडला होता. पुढून स्तोत्र सुरू झालं आणि डावीकडचं वरचं बटण खाली गेलं. पूर्ण खाली, कडेपर्यंत. क्षणभर तसंच राहिलं आणि वर आलं. मग शेजारचं. मग खालची दोन एकदम. केबल माझ्या खिशात होती. डब्याच्या आसपास पाल नव्हती, काहीच नव्हतं. बटणं एका ठेक्यात खालीवर होत होती आणि तो ठेका असा होता की माझी आजवरची सगळी गाणी बाळबोध वाटावीत.

मला भीती वाटायला हवी होती. मला आधी हेवा वाटला.

मी पुढे झाले आणि बोटं त्या खळग्यांत ठेवली. वरून वजन आलं. हलकं, कोमट, माझ्या एकेका नखावर एकेक. ते माझी बोटं दाबत होतं. चुकलं की पुन्हा दाबत होतं. पुन्हा टाकी वाजली तेव्हाच वजन उठलं, आणि तोवर त्या ठेक्याचा पहिला भाग मला पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये तालीम होती. मी केबल लावून तोच भाग वाजवला. सोसे आणि तिरेसाने चेष्टा थांबवली, हेच मोठं बक्षीस होतं. ढोलकीच्या संघातली मुलं, झाडू मारणारी बाई, सगळी भोवती जमली. सोसे म्हणाली, "मोए, शनिवारी लोक वेडे होतील गं." मी हवेत होते. डबा पिशवीत घातला, चेन लावली.

ठेका थांबला नव्हता.

सोसे बोलता बोलता स्पीकरवर बोटांनी तो वाजवत होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिरेसा भिंतीवर. बाई झाडूच्या दांड्यावर. सगळे एकाच लयीत, आपापल्या गप्पांत. गाणं डोक्यात बसलं की असं होतं, हे मी जाणते. पण मी वाजवलेला भाग केव्हाच संपला होता. ते त्याच्या पुढचा वाजवत होते. मला अजून न शिकवलेला.

मी थेट घर गाठलं. वायरी कापल्या, डबा टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ढकलला. टाकी वाजली तेव्हा मी सगळ्यांबरोबर चटईवर जाऊन बसले.

स्तोत्राचं पहिलं कडवं नीट गेलं.

मग आईच्या हातातल्या बायबलवर तिची बोटं हलली. ती गात होती, डोळे मिटलेले. आईची थांबली, बाबांची त्यांच्या गुडघ्यावर सुरू झाली. बाबांची थांबली.

रूताची बोटं चटईवर उतरली.

तिची बोटं त्या खळग्यांच्या मापाची असावीत, कारण तिथून ते वजन पुढे सरकलंच नाही. तिची नखं पांढरी पडली. ती गातच होती, पण गालावरून पाणी ओघळत होतं. मी तिचा हात धरून वर उचलायला गेले. उचलला जाईना.

मी उठले. सा चालू असताना आमच्या घरात कोणी उठत नाही.

धावत मागे गेले, डबा ओढून टॉवेल फेकला आणि बोटं खळग्यांत घातली.

वजन आलं. या वेळी मनगटांपर्यंत.

पुढच्या घरातलं टकटक बंद झालं. रूताचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा बेसूर.

टाकी वाजल्यावर बाबा दारात येऊन उभे राहिले. मागे आई, तिच्या कडेवर रूता. बाबांचा चेहरा रागाचा होता, पण ते माझ्या हातांकडे बघत होते. आई हळूच म्हणाली, "पोरी, तो डबा समुद्रात टाकून ये."

"टाकला तर ते हात शोधत फिरेल, आई."

शनिवारी हॉल भरणार होता. चारशे मुलं, आठशे हात. मी रूताकडे पाहिलं. ती बोटं तोंडात घालून चोखत होती, भाजल्यावर चोखतात तशी.

"बाबा, शनिवारी मी वाजवणार नाही," मी म्हणाले. "आणि उद्यापासून सा लागली की मी या खोलीत बसणार. मला हाक मारू नका, रूताला आत पाठवू नका. तुम्ही प्रार्थना म्हणत राहा. सध्या त्याला माझे दोन हात पुरतात."